सुमनबाईंच्या भारंभार गूळ

निंबोळ्याच्या व्यंकटराव पाटलांना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक ओढ्याकाठची काळी जमीन आणि दुसरी आपली बायको. जमिनीचं ते येता-जाता सांगत. बायकोचं सांगायची रीत नव्हती, म्हणून तिचा विषय निघाला की ते नुसते मिशीत हसत.

सुमनबाई चुडाव्याहून लग्न होऊन आल्या तेव्हा अगदीच काटकुळ्या होत्या. सासूनं उंबऱ्यावरच म्हटलं होतं, पोरीच्या अंगावर मूठभर मांस नाही, लोक म्हणतील पाटलाच्या घरात खायला घालत नाहीत. तेव्हापासून त्या घरानं सुमनबाईंना जीव लावून खाऊ घातलं. सासू गेली तरी तिची शिस्त राहिली. पाण्याला गडी, दळणाला गडीण, भाकरीला पुढं सून आली. सुमनबाईंनी बाजेवर बसून सगळ्यांना हाका मारायच्या आणि जे ताटात येईल ते संपवायचं, एवढंच काम उरलं. मानवतच्या बाजारातला कासार त्यांच्यासाठी सगळ्यात मोठ्या मापाच्या बांगड्या बाजूला काढून ठेवायचा. बायको भरलेली म्हणजे घर भरलेलं, असं व्यंकटरावांचं साधं मत होतं, आणि गावाचंही तेच होतं.

एकच अडचण होती ती एसटीच्या पायरीची. मागून सून कमलबाई ढकलायची, वरून कंडक्टर हात द्यायचा, आणि तेवढ्या वेळात सगळी गाडी खाली वाकून बघायची. सीटवर बसल्यावर पुढचा थांबा येईपर्यंत सुमनबाईंना बोलता यायचं नाही. व्यंकटराव म्हणायचे, एसटीवाल्यांना पायऱ्या करता येत नाहीत.

पंच्याऐंशी सालचे गणपती झाले आणि सुमनबाईंच्या अंगावरून पुन्हा जायला लागलं. पाळी बंद होऊन तीन वर्षं झाली होती. हे सांगायचं कुणाला? त्यांनी दोन महिने तोंडाला कुलूप लावलं. शेवटी धुणं धुताना कमलबाईच्या लक्षात आलं. ती सासऱ्यांसमोर पदर सावरून उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, आत्याला परभणीला दाखवावं लागतंय. बायकांचं दुखणं हाय." व्यंकटरावांनी पुढं काही विचारलं नाही. बायकांच्या दुखण्याचं पुरुषानं विचारायचं नसतं, हे त्यांना लहानपणापासून पक्कं ठाऊक होतं.

परभणीला डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला आतला तुकडा काढून तपासायला औरंगाबादला पाठवला. दुसऱ्या खेपेला त्याचा कागद आला होता. दोन्ही वेळा व्यंकटराव बाहेर लिंबाच्या पारावर बसले. तिथं आणखी सात-आठ नवरे बसले होते. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. थोड्या वेळानं कमलबाई औषधाची चिठ्ठी घेऊन धावतच बाहेर आली. तिचे डोळे भरले होते.

"काय झालं?"

"बाई कॅन्सरचं बोलायल्यात, मामा," एवढंच म्हणून ती औषधाच्या दुकानाकडं गेली.

व्यंकटरावांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली पडलं. त्यांचे थोरले भाऊ आश्रुबा सात वर्षांपूर्वी गळ्याच्या कॅन्सरनं गेले होते. पैलवान गडी, पण शेवटी असा वाळला की तिरडी उचलताना खांदेकऱ्यांना काही उचलल्यासारखं वाटलं नाही. त्या दिवसापासून व्यंकटरावांसाठी कॅन्सर म्हणजे माणूस वाळत जाणं. सुमनबाई सावकाश बाहेर आल्या, शेजारी टेकल्या आणि धाप ओसरल्यावर म्हणाल्या, "गोळ्या दिल्यात. चालायला सांगितलंय. सहा महिन्यानं परत बोलवलंय."

सहा महिने! तेवढंच व्यंकटरावांच्या कानात राहिलं. चिठ्ठीच्या कोपऱ्यात डॉक्टरीणबाईंनी वजन लिहिलं होतं, ब्याण्णव किलो. गावी परतल्यावर ते चपला काढून वेशीतल्या लक्ष्मीआईपुढं उभे राहिले आणि बोलले, "आई, हिचं अंग उतरू देऊ नको. शेरभरसुद्धा उतरू देऊ नको. ही यातनं उठली तर आज हिचं जेवढं वजन हाय तेवढा गूळ तुझ्या दारात वाटीन." आणि घरी येऊन त्यांनी सुनेला सांगितलं, आजपासून आत्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा दुप्पट.

पण आत्याच बदलल्या होत्या. त्यांनी लोण्याचा गोळा उचलून परत भांड्यात टाकला. दोन भाकरीची एक केली. चहातली साखर बंद, दुपारची झोप बंद. आणि तिसऱ्या दिवशी पायात चपला घालून त्या चालायला निघाल्या.

आता बिनकामाचं चालणं ही गोष्ट निंबोळ्याला ठाऊकच नव्हती. माणूस चालतो तो रानात जातो, विहिरीवर जातो, कुणाच्या घरी जातो, नाहीतर भांडून माहेरी जातो. सुमनबाई पहिल्याच गल्लीत शिरल्या आणि धुरपताबाईनं ओसरीवरून विचारलं, "कुठं निघालाव, पाटलीणबाई?"

"कुठं न्हाई. चालायले."

"चालायलाव? कुणाकडं?"

"कुणाकडंबी न्हाई. उगंच."

उगंच! पाटलीणबाई उगंच चालत आपल्या दारावरून गेल्या, हे कोण सहन करणार? धुरपताबाईनं हात धरून आत नेलं, चहा टाकला आणि पाटलीणबाई आल्या म्हणून साखर चमचाभर जास्तच घातली. पुढच्या दारात तेच. त्याच्या पुढच्या दारात चहाबरोबर शंकरपाळे. नको म्हटलं तर अपमान. गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत सुमनबाईंच्या पोटात सहा चहा गेले होते आणि पाऊल मात्र हजारभरही पडलं नव्हतं. चार दिवस असंच झालं. पाचव्या दिवशी पहाटेच उठून त्या शेताकडं गेल्या. तिथं मनकर्णाबाईची मेंढरं बसायला होती.

मनकर्णाबाई धनगराची. तिचा नवरा येडबा गुडघ्यानं अधू, म्हणून साठ मेंढरं तीच वळायची. रात्री मेंढरं पाटलाच्या रानात बसत, रानाला खत होई. सकाळी ती माळावर चरायला निघत आणि दिवस कलला की परतत. पन्नाशीची बाई, पण चालायला लागली की तरण्या गड्याला मागं टाकी.

"मनकर्णा, मी तुझ्या मेंढरामागं येते," सुमनबाई म्हणाल्या.

मनकर्णाबाई आधी हसलीच. मग तिला कळलं की मालकीणबाई थट्टा करत नाहीत. "आवं बाई, तुमाला झेपायचं न्हाई. मेंढरं कुणासाठी थांबत न्हाईत."

"म्हणूनच येते. मेंढरं कुणाला च्या पाजत न्हाईत."

पहिल्या दिवशी त्या ओढ्यापर्यंत गेल्या आणि धोंड्यावर बसायला लागल्या. मनकर्णाबाईनं आपली काठी त्यांच्या हातात दिली. "टेका, पर बसू नका. बसलाव तर उठवायला मी एकटीच हाय." सुमनबाई काठीला टेकून उभ्या राहिल्या, धाप ओसरली, आणि परत फिरल्या. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या पलीकडं पाच-पन्नास पावलं. आठवडाभरानं पहिली बाभूळ.

व्यंकटराव भडकले. पाटलाची बायको धनगरणीबरोबर मेंढरामागं! गावात तोंड कसं दाखवायचं? त्यांनी घरात आदळआपट केली, दोन दिवस बोलणं टाकलं. सुमनबाईंनी वाद घातला नाही. त्या सकाळी काठी घ्यायच्या आणि निघायच्या. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, पण बायको अशी ऐकेनाशी झालेली व्यंकटराव पहिल्यांदाच बघत होते. शेवटी ते घराच्या सपाट माळवदावर चढले. तिथून ओढा, बाभूळ, माळ सगळं दिसायचं. मेंढरांचा काळा-पांढरा घोळका पुढं, मनकर्णाबाईचं तांबडं लुगडं त्याच्या मागं, आणि बरंच मागं एक हिरवं लुगडं, थांबत, टेकत, पण पुढं सरकत.

दुसऱ्या दिवशीही ते माळवदावर गेले. तिसऱ्या दिवशीही. वाळवण बघायला जातो, असं ते सुनेला सांगत. माळवदावर वाळवण नव्हतं. महिना-दीड महिन्यात हिरवं लुगडं बाभळीच्या पुढं गेलं, मग महादेवाच्या पडक्या ओट्यापर्यंत गेलं. व्यंकटरावांना राग यायचा, आणि त्या रागाच्या खाली काहीतरी वेगळंही वाटायचं. एकदा सुमनबाई ओट्यापाशी न थांबता तशाच वर गेल्या, तेव्हा माळवदावर एकट्यानंच उभ्या असलेल्या पाटलांच्या तोंडून "भले!" असं निघून गेलं. मग त्यांनी घाईघाईनं इकडंतिकडं बघितलं.

पण सुमनबाईंचं अंग उतरायला लागलं. बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या. झंपर खांद्यावरून ढळायचा. व्यंकटराव रात्री जेवताना बायकोच्या मनगटाकडं बघायचे आणि ताट बाजूला सारायचे. त्यांना आश्रुबादादाचं मनगट आठवायचं. गावानं तर निकालच लावला होता. पाटलीणबाईंना कॅन्सर झालाय, बघा कशा खंगत चालल्यात. बायका भेटायला यायला लागल्या, बाजेच्या कडेला बसून हळू आवाजात बोलायच्या. सुमनबाई बहुतेक वेळा घरात नसायच्याच; त्या माळावर असायच्या. मग बायका कमलबाईलाच धीर देऊन जायच्या.

चुडाव्याहून भाऊ बन्सीधर आला. डिंकाच्या लाडवाचा मोठा डबा घेऊन आला आणि बहिणीला बघून त्याला रडूच फुटलं. "अक्का, काय खावं वाटतंय तुला? सांग, काय राहिलंय?"

"ताटात आता शेंगदाण्याशिवाय नुसती मेथी राहिलीया," सुमनबाई म्हणाल्या. "रडू नको. मी बरी हाय."

बन्सीधर जाताना दाजींना मिठी मारून आणखी रडला. आणि त्या मिठीनं व्यंकटरावांचा धीरच सुटला. त्यांनी सुनेला बोलावलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "आत्याच्या भाकरीच्या पिठात तूप घाल. वरनात तूप घाल, वरून दिसू देऊ नको. भाजीत कूट घाल, बारीक करून घाल. तिला कळता कामा न्हाई." कमलबाई बिचारी कात्रीत सापडली. सासऱ्यांचा शब्द मोडायचा नाही आणि सासूशी खोटं बोलायचं नाही, हे एका घरात एकदम कसं जमायचं? तिनं महिनाभर तूप घातलं.

महिन्यानं सुमनबाई परभणीला वजन करून आल्या. चौऱ्याऐंशीवर आलेलं वजन पंच्याऐंशी झालं होतं. आठ किलो उतरवायला दोन महिने लागले होते, आणि रोज माळ चढून उतरून एक किलो वाढलं होतं. रात्री त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चुलीपुढं त्यांनी सुनेला एवढंच म्हटलं, "कमल, माझ्या पायात काय खोट हाय का गं? मी आता आणखी किती चालू?" कमलबाईच्या हातातली भाकरी तव्यावरच राहिली. तिनं सासूच्या पायावर डोकं ठेवलं आणि सगळं सांगितलं.

व्यंकटराव बैठकीत पान लावत बसले होते. सुमनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. चार माणसांसमोर नवऱ्याच्या बैठकीत त्या कधी आल्या नव्हत्या. माणसं आपण होऊनच उठून गेली.

"आवं, तूप तुमी घालायला लावलंव?"

व्यंकटरावांनी मान खाली घातली. "तू वाळायलीस. माझ्यानं बघवत न्हाई. आश्रुबादादा असाच गेला."

"भावजी आजारानं वाळले. मी आजार येऊ नये म्हणून उतरायले."

"येऊ नये म्हणून? पर बाई तर कॅन्सर म्हणल्या."

"आजून झालेला न्हाई, म्हणल्या. आत पिशवीचं अस्तर जाड झालंय. असंच वाढत राह्यलं तर तिकडं जाईल, म्हणल्या. अंगावरची चरबी नुसती बसून राहत न्हाई म्हणे. ती आतल्या आत एक रस करती, आन पाळी गेली तरी तो रस अस्तराला वाढ वाढ म्हणत राहतो. म्हणून गोळ्याबी खायच्या, चरबीबी उतरवायची. बारीक माणसाला होतच न्हाई असं न्हाई, म्हणल्या, आन जाड हाय त्या समद्याला होतो असंबी न्हाई. पर जेवढा धोका कमी करायचा तेवढा आपल्या हातात हाय, तेवढा करा, म्हणल्या." एवढं सलग सुमनबाई नवऱ्यापुढं आयुष्यात बोलल्या नव्हत्या. "तुमी आत आला असताव तर ऐकलं असतंव. तुमी लिंबाखाली बसलाव."

"आन सहा महिने? सहा महिनेच हायेत म्हणलीस ना?"

"सहा महिन्यानं तपासायचंय म्हणलं मी!"

व्यंकटराव पाटील, ज्यांच्या हाकेनं चार शेतं पलीकडचा गडी उभा राहायचा, ते उपरण्यात तोंड घालून रडले. तीन महिने हा माणूस बायकोच्या मरणाचे दिवस मोजत होता आणि तिला विचारत नव्हता. सुमनबाईंना त्यांची दया आली आणि रागही आला. त्यांनी दोन्ही केलं: पाण्याचा तांब्या समोर ठेवला आणि बजावलं की पुन्हा चिमूटभर तूप दिसलं तर त्या मनकर्णेच्या पालावर जाऊन राहतील.

त्या संध्याकाळी व्यंकटराव वेशीत गेले. लक्ष्मीआईपुढं कान धरून म्हणाले, "आई, माझं बोलणं अर्धं चुकलं. अंग उतरू दे. हिला जेवढं पायजे तेवढं उतरू दे. गुळाचं मात्र पक्कं." देवीनं ऐकलं की नाही कुणास ठाऊक, पण बोलून त्यांना हलकं वाटलं.

मृग लागायच्या सुमाराला परत तपासणी झाली. पुन्हा तुकडा औरंगाबादला गेला. कागद ज्या दिवशी आणायचा होता, नेमका त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद पुकारलेला. मानवतच्या स्टँडवर आदल्या दिवशीच काचा फुटल्या होत्या. एसटी फिरकणार नाही हे सकाळीच कळलं. रेल्वे तेवढी चालू होती, पण मानवत रोडचं स्टेशन अडीच कोस. बैल वखरणीला लांबच्या रानात गेलेले.

"उद्या जाऊ," व्यंकटराव म्हणाले.

"आज," सुमनबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर रात्रभर डोळा न लागल्याची खूण होती. "धाची गाडी हाय. बैल येऊस्तोर निघून जाईल." आणि काठी घेऊन त्या उंबऱ्याबाहेर पडल्या.

व्यंकटराव मागं निघाले. पाटील पायी स्टेशनला कधी गेला नव्हता, पण बायको पुढं आणि आपण घरात, हे कसं चालायचं? पहिला अर्धा कोस त्यांनी ऐटीत काढला. मग धोतराचा सोगा हातात आला. मग टोपी हातात आली. सुमनबाई पुढं चालत होत्या, ना घाई ना थांबणं, एकसारखं पाऊल. मानेवर घाम होता पण श्वास फुललेला नव्हता. एसटीच्या तीन पायऱ्यांनी जिची दमछाक व्हायची ती हीच बाई, असं व्यंकटरावांना राहून राहून वाटत होतं. ते पाठीकडं बघत चालले. ही पाठ आता ताठ झाली होती. पस्तीस वर्षांत त्यांनी बायकोकडं असं कधी मागून बघितलं नव्हतं, कारण ती नेहमी त्यांच्या मागं चालायची.

"आगं, थांब जरा," शेवटी त्यांना म्हणावंच लागलं.

सुमनबाई मागं आल्या, काठी त्यांच्या हातात दिली. "टेका, पर बसू नका. बसलाव तर गाडी चुकती."

गाडी मिळाली. दवाखान्यात लिंबाच्या पाराशी व्यंकटरावांचे पाय सवयीनं थबकले. पारावर आज तीनच नवरे होते. सुमनबाई दारात उभ्या राहून त्यांची वाट बघायला लागल्या. व्यंकटरावांनी टोपी घातली, चपला काढल्या आणि ते बायकोच्या मागोमाग आत गेले. आतल्या बाकावरच्या बायकांनी भराभर पदर सावरले. डॉक्टरीणबाईंनी दुसरी खुर्ची पुढं सरकवली.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. "अस्तर नीट झालंय," त्या म्हणाल्या. "काही वाईट दिसत नाही. गोळ्यांनी झालं आणि यांच्या चालण्यानंही झालं. पण आता सुटलो म्हणून बसायचं नाही. वर्षाला दाखवायचं, आणि वजन परत वर जाऊ द्यायचं नाही." मग काट्यावर उभं केलं. शहात्तर. "सोळा किलो, सहा-सात महिन्यांत! माझ्याकडं येणाऱ्या शंभर बायकांना मी चाला म्हणून सांगते, पाटील. चालून दाखवणाऱ्या दोन भेटल्या तर नशीब. यांनी कसं जमवलं?"

"मेंढरामागं," व्यंकटराव म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांची छाती अशी फुगली की जणू ते स्वतःच माळ चढून आले होते. सुमनबाई मात्र काट्यावरून उतरल्या आणि भिंतीला टेकून लहान पोरीसारख्या रडल्या.

श्रावणातल्या शुक्रवारी नवस फेडायचा ठरला. मानवतहून रंगनाथ मापाडी कापूस जोखायचा मोठा तराजू घेऊन आला आणि वेशीतल्या चिंचेला त्यानं तो टांगला. गाव लोटलं. बन्सीधर चुडाव्याहून आला, यावेळी रिकाम्या हातानं, कारण तशी ताकीदच होती. व्यंकटरावांनी गूळ आणला होता तो बरोबर ब्याण्णव किलो. नवसाच्या दिवशी जेवढं वजन होतं तेवढा म्हटलं म्हणजे तेवढा, देवीशी लबाडी नको.

एका पारड्यात सगळा गूळ चढवला. दुसऱ्यात सुमनबाई बसल्या. गुळाचं पारडं धाडकन खाली गेलं आणि पाटलीणबाई सगळ्या गावासमोर वर उचलल्या गेल्या. बायका पदरात हसल्या, कुणीतरी शिट्टी मारली. "मालक, गूळ लय झाला!" रंगनाथ ओरडला. एक भेली काढली, दुसरी काढली, मग एक मोठी ढेप काढली, तेव्हा कुठं दांडी सरळ झाली. सुमनबाई चौऱ्याहत्तर भरल्या होत्या. काढलेला गूळ चिंचेखाली जमिनीवर पडला होता, अठरा किलो.

चौऱ्याहत्तर किलो गावात वाटला गेला. या अठरा किलोचं काय करायचं? तोही देवीचाच. सुमनबाई म्हणाल्या, "ह्यो मनकर्णाचा. तिच्याच मागं गेलाय ह्यो माझ्या अंगावरनं." मनकर्णाबाई गर्दीच्या कडेला उभी होती, ती लाजून मेंढरांकडंच निघाली. गडी गूळ उचलायला पुढं झाला, पण व्यंकटरावांनी त्याला बाजूला सारलं. धनगरणीच्या पालावर हा गूळ पाटील स्वतः पोचवणार. त्यांनी तो घोंगडीत बांधला, गठुडं खांद्यावर घेतलं आणि निघाले. काठी टेकत सुमनबाई बरोबर.

शे-दोनशे पावलं बरी गेली. मग गठुडं ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर गेलं. मग डोक्यावर. गुडघे बोलायला लागले. मान अवघडली, घाम डोळ्यांत गेला. ओढ्यापाशी व्यंकटरावांनी गठुडं धोंड्यावर ठेवलं आणि छातीवर हात धरून उभे राहिले. बसले मात्र नाहीत. त्यांनी आधी त्या गठुड्याकडं आणि मग बायकोकडं बघितलं.

"आगं," ते म्हणाले, "एवढं घेऊन तू हिंडत होतीस?"

"हिंडत व्हते," सुमनबाई म्हणाल्या. "तुमाला आता खाली तरी ठेवता आलं. मला झोपतानाबी ठेवता येत नव्हतं."

त्या अठरा किलोंत त्यांनी प्रेमानं घातलेला लोण्याचा एकेक गोळा होता, आणि बाजेवर बसवून ठेवलेलं एकेक वर्ष होतं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी गठुडं पुन्हा उचललं. सुमनबाईंनी एका बाजूनं हात लावू पाहिला, तो त्यांनी लावू दिला नाही.

पालावर मनकर्णाबाईनं घोंगडी सोडून गूळ बघितला आणि हात जोडले. येडबानं पाण्याचा तांब्या आणला. व्यंकटरावांनी उभ्यानंच अर्धा तांब्या संपवला, तोंड पुसलं आणि विचारलं, "मनकर्णाबाई, सकाळी मेंढरं कवा सुटत्यात?"

"दिवस उगवायला, मालक."

व्यंकटरावांनी बायकोच्या हातातल्या काठीकडं बघितलं. "माझ्यापुरती एखादी काठी हाय का तुमच्याकडं?"